आलेच, आजी

परिचारिका प्रज्ञा त्रिभुवन रुग्णाला कधी ‘आलेच’ म्हणत नाही. एक तर लगेच जाते, नाही तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवते. तिच्या हाताखालच्या मुली याला तिचा तऱ्हेवाईकपणा समजतात.

१९९४ साली राहात्याची ही मुलगी नगरच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये पहिल्या वर्षाला होती. इंजेक्शन भरताना हात थरथरत, रात्री झोप लागत नसे. घरी न्यायला या, असं तिनं वडिलांना कळवलंही होतं. वर्गात अशा आणखी मुली होत्या. त्यांच्यासाठी शिक्षिका कुलथे मॅडमनी दुपारी करुणेचा तास सुरू केला. डोळे मिटून बसायचं; आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग एका रुग्णाचं, मग ज्याचा राग येतो त्याचं.

“स्वतःला दोष देऊन कुणाचा ताप उतरत नाही,” मॅडम म्हणत. उशिरा येणारीला दार बंद असे.

गावी विहारात वडील भीमराज तिला मैत्रीभावनेच्या ध्यानाला बसवत, तेव्हा प्रज्ञाला डुलकी लागायची. इथे मात्र महिन्याभरात तिचे हात स्थिर झाले. दिवसभर ती त्या तासाकडे डोळे लावून असे.

तिच्या वॉर्डात काष्टीच्या राहीबाई होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं. हलायची सोय नव्हती. बेडपॅन देणं हे आया मालनबाईचं काम. पण मालनबाईचं माहेर काष्टीच, म्हणून राहीबाई तिला हाक मारत नसत.

“तिला नगं सांगू, पोरी. बाजाराच्या दिवशी समद्या गावाला कळंल.”

त्यामुळे ते काम प्रज्ञाकडे आलं होतं.

त्या दुपारी ती तासाला निघाली, तेवढ्यात राहीबाई हळूच म्हणाल्या, “पोरी, भांडं दे गं.”

“आलेच, आजी,” म्हणत ती निघून गेली. मालनबाईला सांगता आलं असतं. पण आजींनीच नको म्हटलंय, ही सबब हाताशी होती. एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा तिनं राहीबाईंनाच आणलं आणि मनापासून त्यांचं भलं चिंतलं.

परतली तेव्हा भेटीची वेळ सुरू झाली होती. राहीबाईंच्या सुनेनं, रुपालीनं, ओली चादर उचलून धरली होती.

“धा मान्सांत लाज घालवली! तोंड न्हाई का तुमाला हाक मारायला?”

राहीबाई भिंतीकडे बघत राहिल्या. आपण हाक मारली होती, हे त्या बोलल्या नाहीत. दारात उभी असलेली प्रज्ञाही बोलली नाही. मग तिनं त्यांना पुसलं, चादर बदलली. हात जराही थरथरले नाहीत. तिला तेच जास्त लागलं.

पुढच्या तासाला तिला डोळे मिटवेनात. तास संपल्यावर तिनं मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, “दार मीच बंद करत होते. उद्यापासून उघडं राहील. पण आजींना सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला सांगून काय मिळवलंस?”

दुसऱ्या दिवशी ती बेडपॅन घेऊनच राहीबाईंच्या खाटेपाशी गेली.

“आजी, परवा तुमची हाक मी ऐकली होती. ऐकूनही गेले. सूनबाई बोलल्या, तेव्हाही गप्प राहिले. माझं चुकलं.”

“ठावं हाय मला,” राहीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “ऱ्हाऊ दे ते. मालनला सांगितलंय.”

मालनबाई मागून आलीच. “काकी, आता बाजारात दवंडी पिटू का?”

“पीट की! समद्यांनी बघितलं, आता काय ऱ्हायलंय?”

दोघी हसल्या. मालनबाईनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. प्रज्ञा धुतलेलं भांडं हातात धरून बाहेर उभी राहिली. राहीबाई घरी जाईपर्यंत तिला त्यांची एकही हाक आली नाही.