पूजेच्या पाटावर कोण?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मार्केट यार्डाच्या मागे असलेल्या आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात गेल्या खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेला कोणी बसावं, असा बिकट प्रश्न उभा राहिला होता आणि तो सोडवण्यासाठी फोरमन, स्टोअरकीपर आणि इलेक्ट्रिशियन यांची एक उच्चस्तरीय समिती आपोआप स्थापन झाली होती. समितीची बैठक स्टोअरमध्ये, उलट्या घातलेल्या डब्यांवर भरली. मी डिस्पॅचला बसते. डिस्पॅच आणि स्टोअर यांच्यामध्ये फक्त जाळी आहे, तेव्हा हा वृत्तान्त खात्रीचा समजावा.

आमच्याकडे रिवाज असा की, कारखान्याच्या मॅनेजरने सपत्नीक पूजेला बसायचं. आरती झाली की मॅनेजरने पत्रा दाबायचा मोठा प्रेस एकदा चालवायचा आणि मग मालकांच्या हातून पेढे. आधीचे मॅनेजर सोवळं नेसून बसायचे, त्यांच्या पत्नी नथ घालून यायच्या, आणि आम्हा सगळ्यांना वाटायचं की वर्ष नीट जाणार. ते निवृत्त झाले आणि मालकांनी त्यांच्या जागी आमच्या टेस्टिंगच्या बाईंना बसवलं. म्हणजे पूर्ण बसवलं नाही. माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल शंका नाही. माणसं बाईचं ऐकतात का, एवढं दिवाळीपर्यंत बघू. मग कायम करू."

आधीच्या मॅनेजरांचं माणसं ऐकतात का, हे कधी कुणी बघितलं नव्हतं. ऐकत नव्हतीच. तरी ते निवृत्तीपर्यंत टिकले.

तर समितीपुढची अडचण अशी. मॅनेजर बाई. बाई एकटी पूजेला कशी बसणार? फोरमनचं म्हणणं पडलं की यंदा पूजेला आपणच बसावं, कारण अनुभव आपला दांडगा आहे. स्टोअरकीपरला ते मान्य नव्हतं, कारण मग पूजेला आपण का नाही, असं त्याला वाटत होतं. शेवटी इलेक्ट्रिशियनने तोडगा काढला, आणि तो सगळ्यांना इतका आवडला की चहा मागवला गेला. मॅडमना मिस्टर आहेत ना? मग त्यांना बोलवायचं. ते यजमान, मॅडम शेजारी. रिवाज शाबूत.

मॅडमचे मिस्टर विश्रांतवाडीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. आमचा कारखाना त्यांनी बाहेरून पाहिला असेल, तोही मॅडमना घ्यायला आल्यावर स्कूटरवर बसल्या बसल्या. फोरमनने त्यांना माझ्याच टेबलावरून फोन लावला. अहो साहेब, आपण यजमान, आपल्याशिवाय पूजा कशी होणार, वगैरे. पलीकडून ते बहुतेक विचारत असावेत की मी तिथं येऊन करायचं काय. फोरमन म्हणाला, "काही नाही हो, नुसतं बसायचं." या कामाचे जाणकार मॅनेजर मी बरेच पाहिले होते, म्हणून मी काही बोलले नाही.

मॅडमना मात्र बोलले. डबा खाताना विचारलं, की अहो, हे तुम्हाला चालतंय? त्यांनी आधी लोणच्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"पाटावर कोण बसलं याला माझ्या लेखी महत्त्व नाही," त्या म्हणाल्या. "आणि भांडले, तर मालकांना उत्तर मिळेल. बाई आली आणि भांडणं सुरू झाली."

मी म्हटलं की हा तर दोन्हीकडून मार आहे. त्या म्हणाल्या, "हो. पोळी घ्या."

खंडेनवमीला कारखाना धुऊन पुसून चकचकीत झाला होता. लेथला झेंडू, ड्रिलला झेंडू, माझ्या कॉम्प्युटरलासुद्धा झेंडू. मिस्टर स्कूटरच्या डिकीतून सोवळं घेऊन आले आणि आमच्या पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीतून एखाद्या नटाने विंगेतून यावं तसे बाहेर आले. माणूस गोरागोमटा, हसरा. फोरमनने त्यांना "या साहेब" करत पाटावर बसवलं. मॅडम शेजारच्या पाटावर.

गुरुजींना पुढच्या कारखान्याची घाई होती. त्यांचा फोन पंचपात्राशेजारी थरथरत होता. संकल्पाच्या वेळी त्यांनी यजमानांना विचारलं, व्यवसाय कोणता? मिस्टरांनी मॅडमकडे तोंड वळवून हळूच विचारलं, "काटे म्हणजे कोणते गं? सगळेच का?" मॅडमनी तितक्याच हळू सांगितलं, की दुकानातल्यापासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत. मिस्टर प्रभावित झालेले दिसले. गुरुजी म्हणाले, "हाताला हात लावा," आणि सगळा कारखाना जिच्या सहीने चालतो ती बाई नवऱ्याच्या कोपराला बोट लावून बसली. मालक खुर्चीवरून बघत होते. मला त्या वेळी हसू येत नव्हतं, एवढं सांगते.

आरती झाली. मॅडमच्या हातात निरांजनाचं ताट आलं आणि त्या प्रत्येकापुढे ते फिरवू लागल्या. मालक उठले, पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला आणि मिस्टरांना म्हणाले, चला साहेब, शुभारंभ करा.

प्रेसचा मेन स्विच आधीच चालू करून ठेवला होता. मिस्टर उत्साहाने पुढे झाले. त्यांना ते मोठं हिरवं बटण फारच आवडलेलं दिसलं, चित्रकलेच्या माणसाला आवडणारच. प्रेसच्या पलीकडच्या बाजूला इलेक्ट्रिशियन सुटलेली माळ परत बांधत वाकला होता. मिस्टरांना तो दिसत नव्हता. मॅडमना दिसला. त्यांनी ताट बाजूला धरून तोंड उघडलंही. पण त्यांच्याआधी फोरमनचा आवाज आला, कुणीतरी अजून वाजवत असलेल्या घंटेच्या वर.

आता हा फोरमन कोण? प्रेस सुरू करण्याआधी त्याच्याभोवती आपण स्वतः फिरून बघणार, असा नियम मॅडमनी केला, तेव्हा चहाच्या टपरीवर "बायकांची भीती" म्हणून त्याची टिंगल करणारा हाच. कुठलीही तक्रार असली की मॅडमचं टेबल ओलांडून थेट मालकांच्या केबिनमध्ये जाणारा हाच. यजमान फोनवर ठरवणारा, त्यांना पाटावर बसवणारा, शर्टाला अत्तर लावून त्यांच्या मागे उभा राहिलेलाही हाच. त्याने झेप घेतली, यजमानांचं मनगट सोवळ्यासकट धरलं, आणि मालक पेढा हातात धरून समोर उभे असताना ओरडला:

"अहो, हात काढा! मॅडमनी बघून हो म्हटल्याशिवाय इथं कुणी बटणाला हात लावत नाही, मीसुद्धा नाही!"