फोन न उचलण्याची योजना

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच सगळ्या व्यापाराचा पाया आहे, असं अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं सांगतात. मी ती वाचली होती. आमच्या काकांनी वाचली नव्हती, आणि त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. तरी वर्ध्यात ट्रक त्यांचे होते आणि माझ्याकडे एक सेकंडहँड लुना होती.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट इथल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी उचलायच्या आणि जिथे सांगतील तिथे नेऊन टाकायच्या, हा त्यांचा धंदा. नव्वदच्या दशकात ड्रायव्हरला वाटेत डिझेल लागलं की तो एसटीडी बूथवरून ऑफिसला कळवायचा, काका पंपाच्या मॅनेजरशी बोलायचे, आणि मॅनेजर टाकी भरून द्यायचा. हिशेब महिन्याच्या शेवटी. मग एकदा कोणीतरी काकांचा आवाज काढून पंपावर फोन केला आणि परक्याच ट्रकची टाकी फुल करून घेतली. त्यात फार मोठी कला नव्हती. काका फोनवर बोलत नसत, ओरडत असत, आणि ओरडणाऱ्या माणसांचे आवाज बरेचसे सारखे असतात. पण काकांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून ते ड्रायव्हरच्या हातात नगद खर्ची ठेवू लागले, आणि ठेवताना त्याच्याकडे असं पाहू लागले की त्याला ती न घेताच निघून जावंसं वाटे.

दोन हजार सालानंतर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, तेव्हा काकांनी मला बोलावलं. मी नागपूरहून कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन आलो होतो आणि सिंदी मेघेत कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. मुलं चपला बाहेर काढून आत येत आणि माउसला हात लावण्याआधी तो हात पँटला पुसत. एवढा आदर मला स्वतःला कधी मिळाला नाही. काका म्हणाले, "तुले एवढं शिकवलं तुह्या बापानं. मोबाइलवरून डिझेलचे पैसे देता आले पाहिजे असं काई बनव. अन् बोलायचं काम नाई पाहिजे त्याच्यात. बोलण्यात लबाडी होते."

पहिली योजना मेसेजची होती. ऑफिसातून पंपाच्या मॅनेजरला मेसेज जाईल, त्यात गाडीचा नंबर आणि रक्कम असेल. कागदावर ती इतकी सुंदर दिसत होती की मी तिचा आराखडा रंगीत छापून घेतला. पण मॅनेजरच्या मोबाइलमध्ये मोजकेच मेसेज मावत, आणि ती सगळी जागा राशिभविष्याने आणि शायरीने भरलेली होती. मी ते पुसू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, शायरी त्याच्या साळ्याने पाठवली आहे आणि साळ्याशी संबंध सध्या नाजूक आहेत. नवा मेसेज दारातच उभा राहायचा आणि परत जायचा.

तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. अख्खा जिल्हा मिस कॉलवर चालला होता. पोचलो, मिस कॉल. निघालो, मिस कॉल. एसटी चुकली, मिस कॉल. लग्न जमलेली पोरं तर एकही शब्द न बोलता तासनतास एकमेकांना मिस कॉल देत, आणि त्यातून जे समजायचं ते समजून घेत. फोन उचलणाऱ्याला लोक जरा बावळट समजत, कारण त्याने समोरच्याचे पैसे घालवले. मला वाटलं, हीच ती भाषा.

योजना अशी ठरली. ऑफिसात दोन नवी सिमकार्डं घ्यायची. मॅनेजरच्या मोबाइलमध्ये एक नंबर 'टाकी फुल' या नावाने आणि दुसरा 'टाकी अर्धी' या नावाने साठवायचा. ड्रायव्हर पंपावर पोचला की त्याने ऑफिसला मिस कॉल द्यायचा. मग काकांनी दोनपैकी एका नंबरवरून मॅनेजरला मिस कॉल द्यायचा. मॅनेजरने नाव पाहायचं, फोन उचलायचा नाही, आणि नावात लिहिलं असेल तेवढं डिझेल द्यायचं, हिशेब पूर्वीसारखा महिन्याच्या शेवटी. या सगळ्यात कोणाचा एक पैसाही फोनवर खर्च होत नव्हता. काकांनी हे ऐकून मला चहा मागवला. मला वाटतं, ते भारावले होते.

एक नियम त्यांनी स्वतः घातला. मॅनेजरला समोर बसवून सांगितलं, "फोन उचलला तं तो कॉल बाद. बोलून कोणी सांगतलं तं डिझेल द्यायचं नाई. मी सोता बोललो तरी नाई." मॅनेजरने मान डोलावली. तो आज्ञाधारक माणूस होता. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

पंधराएक दिवस योजना बिनबोभाट चालली, आणि आपल्याकडे चांगल्या चाललेल्या गोष्टीचं जे करतात तेच काकांनी केलं. लोकार्पण ठरवलं. त्यांना ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद हवं होतं आणि त्याआधी स्टेजवर एकदा दिसणं गरजेचं होतं. वर्ध्यात हॉल घेतला. बॅनर छापलं, त्यावर 'मोबाइल अर्थक्रांती' असे शब्द आणि काकांचा सफारीतला फोटो. उद्घाटक म्हणून जिल्ह्यातले एक पुढारी ठरले. त्यांचा या कामात हातखंडा होता. एकदा त्यांनी आधीपासून चालू असलेल्या बोअरवेलचं उद्घाटन केलं होतं, आणि त्यासाठी गावाने ती दोन दिवस बंद ठेवली होती.

हॉलमध्ये पुढारी 'टाकी फुल' नंबरवरून मिस कॉल देणार, आणि तिकडे तळेगावच्या अलीकडे हायवेवरच्या पंपावर एका ट्रकची टाकी भरली जाणार, असा कार्यक्रम होता. ट्रक आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरचा. त्यांना ऑफिसातले सगळे मामा म्हणत. मामा अमरावतीहून रिकामी गाडी घेऊन परतणार होते. अडचण एवढीच होती की त्याच दिवशी दुपारी आर्वीला मामांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. गाडी रिकामी येतेच आहे म्हणून त्यांनी अमरावतीच्या बहिणीकडून स्वयंपाकाची मोठी गंजं, पराती आणि सतरंज्या ट्रकमध्ये घातल्या होत्या. पाहुणे येऊन बसणार त्या सतरंज्या, आणि भात शिजणार ती गंजं.

मामांनी सुटी मागितली. काका म्हणाले, कार्यक्रम सकाळी अकराचा आहे, बाराला तू घरी. शिवाय टाकी पूर्ण रिकामी करून आण, म्हणजे भरताना फोटो चांगला येईल. मामांनी समजावलं की डिझेल पार संपलं तर इंजिनात हवा धरते. काकांनी त्यावर फक्त "फोटोग्राफर आठशे रुपये घेऊन राह्यला" एवढंच उत्तर दिलं.

मी पंपावर होतो, योजनेचा निर्माता म्हणून. ठरल्याप्रमाणे मामा अकराच्या आत आले. काटा तळाला टेकला होता, आणि नोझलपाशी येताच गाडी आपोआप बंद पडली. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला तेल, आणि वरच्या खिशात जावयाच्या कपड्यांसाठी घडी करून ठेवलेले पैसे. आर्वीत शिरताना दुकानातून कपडे उचलायचे होते. फोटोग्राफरने मामांना नोझलजवळ उभं केलं आणि हसायला सांगितलं. मग आम्ही वाट पाहिली. उद्घाटक निघाले होते, असं कळलं. मग कळलं की अजून निघायचे आहेत. मामांच्या घरून मिस कॉल येऊ लागले. आधी एक यायचा, मग दोन-दोन, मग सारखेच.

"काय म्हणतात घरचे?" मी विचारलं.

"तांदूळ धुवून ठेवला म्हणतात," मामा म्हणाले. मिस कॉलमध्ये हे कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा मॅनेजरचा फोन वाजला. पडद्यावर 'टाकी फुल'. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. मामांनी टाकीचं झाकण उघडलं. मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं, शर्टाचं वरचं बटन लावलं, खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि फोन उचलला.

"नमस्कार, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या फोनचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडचा हॉल आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. पुढाऱ्यांना आपण फोन कशासाठी लावला ते कोणी नीट सांगितलेलं नसावं, कारण फोन उचलला गेल्याने ते खूश झाले. त्यांनी गावाची चौकशी केली, पाऊसपाण्याची चौकशी केली. मग फोन माइकसमोर धरून भारदस्त आवाजात विचारलं, "आपल्या ड्रायव्हर बंधूंना डिझेल मिळालं का?"

मॅनेजरने मामांकडे पाहिलं. मामांच्या हातात झाकण होतं. "हो साहेब, मिळालं," मॅनेजर म्हणाला. हॉलमधून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला आणि फोन बंद झाला.

मामा नोझलपाशी सरकले. मॅनेजरने हात आडवा केला. कॉल उचलला गेला, म्हणजे बाद.

"अरे, आताच तं मिळालं म्हणून सांगतलं ना तू," मामा म्हणाले.

"मंग साहेबाले नाई म्हणून सांगू काय? भरल्या सभेत?"

"पण फोन उचललाच काऊन?"

"एवढ्या मोठ्या माणसाचा फोन वाजत ठेवू?" मॅनेजर खरोखर दुखावला होता. "तुमी जासान निघून. मले इथंच राहायचं हाय."

मी त्याला योजना पुन्हा समजावली. ती त्याला माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. मी काकांना फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी तो सवयीने उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला आणि कुजबुजत म्हणाले की कार्यक्रम फारच छान झाला. मी त्यांना मॅनेजरशी बोलायला लावलं. काका आधी कुजबुजले आणि मग ओरडले. मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, तुमीच सांगतलं होतं, 'मी सोता बोललो तरी नाई'." खरं तर त्याला शाबासकी अपेक्षित होती.

काकांना त्या नंबरवरून पुन्हा मिस कॉल द्यायचा, तर ते सिम असलेला फोन पुढाऱ्यांच्या हातात होता आणि ते त्याच्यावरूनच भाषण करत होते. म्हणजे माइक होता, पण फोन खाली ठेवायला ते तयार नव्हते. 'टाकी अर्धी'चा फोन ऑफिसात कुलपात होता. भाषण संपलं की पाहतो, असं म्हणून काकांनी फोन ठेवला. पुढाऱ्यांचं भाषण तेव्हा कुठे स्वातंत्र्यलढ्यापर्यंत आलं होतं.

माझ्या खिशात वर्ध्याच्या तिकिटापुरते पैसे होते. फोटोग्राफरने तर आधीच सांगून टाकलं की त्याला अजून आठशे मिळायचे आहेत. मामांनी हायवेकडे पाहिलं. आर्वी तिथून लांब नव्हती. ते स्वतः केव्हाच एखाद्या जीपला लोंबकळून पोचले असते. पण गंजं लोंबकळून जाणारी नव्हती. मुलाकडची मंडळी येऊन जमिनीवर बसणार आणि उपाशी उठणार, तर पुढचं बोलणं कोणत्या सुरात होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. घरून पुन्हा मिस कॉल आला. मामांनी फोन खिशात टाकला आणि त्याच खिशातून जावयाच्या कपड्यांचे पैसे काढले.

"नगद चालते का?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरला प्रश्नच नीट कळला नाही. "नगद तं कवाही चालते," तो म्हणाला.

डिझेल भरलं. इंजिनात हवा धरलेलीच होती. ती काढता काढता मामांच्या पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा उमटला. फोटोग्राफरने त्याचा फोटो घेतला, कारण रोल उरला होता.

मी त्यांच्याबरोबर कॅबिनमध्ये बसून आर्वीपर्यंत गेलो. मागे गंजं एकमेकांवर आपटत होती, त्यामुळे बोलणं शक्य नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं. कपड्यांचा दुकानदार ओळखीचा निघाला. मामांनी नुसता हॉर्न वाजवला तर तो पिशवी घेऊन रस्त्यावर आला आणि पैसे न मागता परत गेला. मांडवात मुलाकडची मंडळी उभीच होती. सतरंज्या उतरल्या तशी ती बसली, आणि गंजं चुलीवर चढली. मुलीला कुंकू लागलं, जावयाला कपडे मिळाले, भात थोडा कच्चा राहिला, पण तो कच्चा आहे असं म्हणण्याइतकं नातं अजून कोणाचं जुळलं नव्हतं.

जेवताना मुलाच्या वडिलांनी मामांना विचारलं, "तुमच्या मालकाकडं मोबाइलवर डिझेल भेटते म्हणे?"

"भेटते," मामा म्हणाले. "नगद संगं ठेवा लागते फक्त."

काकांनी ते पैसे दुसऱ्या दिवशी मामांना दिले, कुरकुरत, कारण हॉलमध्ये एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर ती टाकी त्यांच्या लेखी भरून झालेली होती. अध्यक्षपदही त्यांना मिळालं. योजना पुढे वर्षभर सुरू राहिली. ड्रायव्हर पंपाच्या जवळ आला की मिस कॉल द्यायचा, आणि मॅनेजर चहा ठेवायचा. डिझेलचे पैसे नगद घेतले जायचे.