सोडा, चुना आणि थेंबमामा

थेंबमामांना घाई केलेली चालत नसे आणि माझा सगळा जन्म घाईत गेलेला. त्यामुळे आमची पहिली भेट जवळजवळ भांडणानेच झाली. मी त्यांच्या दारात उभी, हातात माझ्या माशांच्या टाकीतल्या पाण्याची बाटली, आणि मामा आपले शांतपणे सांगतायत, "बस पोरी. आदी पाणी निवू दे. असं दणके खात आलेलं पाणी खरं बोलत न्हाई." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण उन्हातून स्कूटरवर ढवळून आलेलं पाणी ते खरंच लगेच तपासत नसत. अर्धा तास मला पोहे खायला लावले, मग बाटलीचं झाकण उघडलं.

मामा कसबा बावड्यात, आमच्या घरापासून पार दुसऱ्या टोकाला राहायचे. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. उसाच्या रसात चुना किती घालायचा हे बघणं त्यांचं काम. कमी पडला तर रस निवळत नाही, जास्त झाला तर साखर काळपट येते. निवृत्त झाल्यावर लोक मुलांकडे जातात किंवा कट्ट्यावर बसतात. मामांनी घरात समुद्र आणला. बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी, त्यात खारं पाणी आणि जिवंत पोवळी. घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या आमच्या गावात हे एक नवलच होतं. घरी आलेला प्रत्येक जण विचारायचा, "मामा, ह्यातलं खायाचं कुठलं?" मामा सांगायचे, "पावणं, हे नुस्तं बघायचं. खायाचं आत शिजतंय."

माझ्याकडची टाकी खरं तर लेकीची. ती शिकायला पुण्याला गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. माझ्या पोवळ्यांची टोकं पांढरी पडत चालली होती. मी व्हिडिओ बघून आज ही पावडर, उद्या ती पावडर असा सपाटा लावला होता. शेवटी मासे विकणाऱ्या दुकानदारानेच हात जोडले आणि मामांचा पत्ता दिला.

मामांनी मला सगळं दोन शब्दांत बसवून दिलं. पोवळं आपलं हाड पाण्यातूनच बांधतं. त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेले सोड्यासारखे क्षार, लागते. ते दोन्ही सारखं उपसतं, आपण दोन्ही सारखं भरायचं. मामा या दोघांना चुना आणि सोडा म्हणत. "ह्या दोघी जावा हायत बघ. एकीवाचून दुसरीचं चालत न्हाई. पर दोघींना एकदम चुलीपाशी सोडलंस, की संपलं." म्हणजे दोन्ही एकाच वेळी ओतलं, तर ते पाण्यातच एकमेकांना धरतात आणि पांढरा गाळ होऊन खाली बसतात. पोवळ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून मामांच्या टाकीवर दोन बाटल्या टांगलेल्या असत, एक उजव्या टोकाला आणि एक डाव्या. दोन्हींना सलाईनच्या नळ्या. सकाळी सोडा, दुपारी चुना, थेंब थेंब. मामी म्हणायच्या, "घरात मी आजारी पडली तर क्रोसीनची गोळी. ह्येंच्या माशांस्नी रोज सलाईन!"

थेंबमामा हे नाव मात्र सलाईनमुळे नाही, मोजणीमुळे पडलं. काचेच्या बारीक नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात रंग टाकायचा आणि सिरिंजनं एकेक थेंब औषध सोडायचं. सोडा मोजताना निळं पाणी ज्या थेंबाला गुलाबी होतं तिथं थांबायचं. थेंब जास्त लागले तर सोडा भरपूर, कमी लागले तर सोडा कमी. मामा हे रोज सकाळी सातला करत, आणि एकदा नव्हे, तीनदा. "एकदा मोजलं म्हंजे मोजलंच न्हाई," असं ते ठासून सांगत. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी हे वाक्य ऐकलं होतं. रक्तदाबसुद्धा तीनदा बघायला लावत, तेव्हा त्या डॉक्टरांचाच वाढत असणार.

माझ्यासारखीला वळण लावणं सोपं नव्हतं. आकडा कमी आला की माझा हात बाटलीकडे जायचाच. मामा तो धरून ठेवत. "आज कमी हाय ते आजच भरायचं न्हाई. चार दिसांत भर. पवळ्याला धक्का सोसत न्हाई." असं करत सहा महिन्यांत माझी पोवळी सावरली. तशी खात्री पटली त्या दिवशी मामांनी आपल्या 'थोरली'ची एक फांदी कापून मला दिली. थोरली म्हणजे त्यांचं सगळ्यात जुनं, हिरवं, हातोडीसारख्या टोकांचं पोवळं. बाकीची टाकी तिच्याभोवती वाढलेली. ती फांदी घेऊन मी घरी चालत आले. स्कूटर त्यांच्याच दारात ठेवली होती.

आणि मग तो रविवार आला. सकाळी मामींचा फोन, "पोरी, जरा येतीस का? टाकीचं ताक झालंय." जाऊन बघते तर खरंच. आतलं काही दिसत नव्हतं. पंपावर पांढरा थर, काचेवर थर, आणि थोरलीची सगळी टोकं आत ओढलेली. मामा स्टुलावर बसले होते.

"आठवडाभर सोडा कमीच येतोय," ते म्हणाले. "रोज वाढवत गेलो. रोज तीनदा मोजलंय मी. तीनदा!"

मी नळी घेतली आणि मोजायला बसले. मामांना जितके थेंब लागले होते त्याच्या जवळपास दुप्पट मला लागले. पुन्हा मोजलं, तेच. तिसऱ्यांदा तेच. सोडा कमी नव्हताच, वाढतच चालला होता, आणि तोच चुन्याला धरून पांढरा गाळ झाला होता. मामी दारातून हळूच म्हणाल्या, "परवा माझ्या निळ्या पातळाला राखाडी म्हणालं हे. मी आपली हसण्यावारी नेलं."

ज्या माणसानं मला रंग बघायला शिकवलं, त्याला हे कसं सांगायचं? मी चौथी नळी भरली, निम्मेच थेंब टाकले आणि त्यांच्यासमोर धरली. पाणी चांगलं निळं होतं.

"मामा, कुठला रंग?"

त्यांनी नळी खिडकीकडे नेली, डोळे बारीक केले. "गुलाबी की." मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मला तोंडावरचं लपवता येत नाही, कधीच आलं नाही. मामांनी नळी हलकेच खाली ठेवली.

"तीनदा मोजलं," ते म्हणाले, "पर तिन्ही येळंला डोळं त्येच की गं."

मला रडू आलं. त्यांना नाही. ते उठले आणि सोड्याची नळी बंद केली. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याच घरी पडीक होते. खारं पाणी तयार करून बादली-बादलीनं बदललं, पंप व्हिनेगरमध्ये बुडवून थर काढला. या खेपेला घाई मामांना झाली होती आणि हात मी धरत होते. बरंचसं वाचलं. थोरली वाचली नाही. तिला बाहेर काढताना मामा त्या खोलीत थांबले नाहीत.

डॉक्टरांनी तपासलं तर मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला. कधीपासून दिसत नव्हतं, हे त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. ऑपरेशन झालं. डोळ्यांवरचा काळा चष्मा उतरला त्या दिवशी मी माझ्या टाकीतल्या फांदीतली निम्मी कापून घेऊन गेले. मामा टाकीसमोर उभे होते. "एवढं निळं हुतं व्हय हे?" एवढंच म्हणाले. मग माझ्या हातातला डबा बघितला, आत डोकावले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, बाहेर ये! थोरलीची लेक माहेरी आलीया!"

त्यानंतर दर रविवारी मला बोलावणं असे. मी म्हणायची, "मामा, आता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं." ते म्हणायचे, "दिसतंय की. पर तिसऱ्या येळंला डोळं दुसऱ्याचं पाहिजेत." एवढ्या वयात, एवढा जाणता माणूस, आणि आपला नियम त्यांनी एका चुकीनंतर सरळ दुरुस्त केला. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शिकवण हीच, आणि तिच्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. आता कुणाशी भांडण झालं, लेकीशी फोनवर वाजलं, की मी माझं मोजून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी विचारते, तुला काय दिसतं?

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. दुपारी चुन्याची नळी सुरू करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर पाहुण्यांनी टाकीचा विषय काढला. कुणी म्हणालं विका, कुणी म्हणालं शाळेला द्या. मामी एवढंच बोलल्या, "ती पोरगी हाय, मी हाय. चाललंय ते चालू दे."

रविवारी सात वाजता मी जाते. दोनदा मी मोजते. तिसऱ्यांदा मामी चष्मा पुसून शेजारी बसतात. मला घाई असतेच. मी म्हणते, "झालं मामी, गुलाबी." मामी माझा हात धरतात, नळी खिडकीकडे वळवतात.

"न्हाई अजून. एक थेंब हाय."

मी तो टाकते, आणि पाणी गुलाबी होतं.