अध्यक्षांच्या पोटातली भट्टी

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या गावच्या दारूबंदी मंडळाचा पहिला अध्यक्ष मी, आणि मंडळानं पकडलेला पहिला माणूसही मीच!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वडशाजवळच्या खेड्यात मी मास्तर होतो. दारूचा थेंबही कधी जिभेला लागलेला नाही. मांडीला गळू झालं म्हणून डॉक्टरांनी थोड्या कॅप्सूल दिल्या. गळू बसलं. पण मला वाटलं, औषध एवढं गुणाचं आहे तर सोडायचं कशाला? दुकानातून आणून खातच राहिलो. वर ताकद यावी म्हणून भरपूर भात आणि गुळात शिजवलेली मोहफुलं! आहे की नाही अक्कल?

पोट ढोलासारखं फुगलं. दिवसभर आत गुडगुड, वर आंबट ढेकर.

मंडळाच्या बाया संध्याकाळी चौकात पुरुषांची तोंडं हुंगायच्या. मी ऐटीत पुढे झालो. "आधी अध्यक्षाचं हुंगा!" म्हणून तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच ढेकर आला.

बायांच्या म्होरक्या अनसूयाबाई झटकन मागे सरल्या.

"अगा बाई! गुर्जी, तुमी पेऊन आले?"

"नाही हो, शप्पथ!"

"मंग दारूचा वास काऊन येऊन राह्यला?"

"मोहफुलं खाल्ली बाई, नुसती फुलं!"

"सारेच असं सांगतेत!"

अध्यक्षपद जागच्या जागी गेलं. मीच लिहिलेली शपथ मला सगळ्यांसमोर घ्यायला लावली. रडूच आलं हो!

सकाळी अनसूयाबाईंना घेऊन वडशाला गेलो. सगळी हकीकत ऐकून आणि माझं तोंड हुंगून डॉक्टर आनंदानं खुर्चीतून उठलेच!

"अहो, हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं! फार क्वचित होतं. नको तेवढ्या कॅप्सूल खाऊन तुम्ही आतड्यातले चांगले जंतूही मारले. मग यीस्टला रान मोकळं. दारूसाठी मोह आंबवतं ना, तसलंच ते. वरून तुम्ही त्याला गूळ-भात चारला. पोटातच दारू तयार!"

कंपाउंडरलाही बोलावून हुंगायला लावलं.

अनसूयाबाईंची खात्री पटली. त्याच संध्याकाळी चौकात मी छाती काढून सगळं समजावलं. कॅप्सूल, गूळ, भात, काही सोडलं नाही. टाळ्या पडल्या, अध्यक्षपद परत मिळालं. काय आनंद झाला म्हणता!

सकाळी दार उघडतो तर ओसरीवर गावातले झाडून सगळे पिणारे, शाळेतल्या पोरांसारखे शिस्तीत बसलेले. त्यांच्यातला सगळ्यात मुरलेला शंकरभाऊ हात जोडून उठला.

"गुर्जी, मडकं नाई, भट्टी नाई, पोलिसाचं भेव नाई! लय उपकार केले जी. फक्त त्या कॅप्सुलीचं नाव तेवढं सांगा न!"