पाण्यावरचा टोप

कळमेश्वरच्या ज्या कारखान्यात माझे यजमान होते, तिथं तेलाचं वनस्पती तूप व्हायचं. तेल घट्ट करायला हायड्रोजन लागतो. तो साठवायला पाण्याच्या मोठ्या हौदात एक अवाढव्य लोखंडी टोप पालथा घातलेला होता. आत गॅस भरला की टोप बाजूच्या लोखंडी रुळांवरून वर चढायचा, वापरला गेला की खाली बसायचा. आम्ही क्वार्टरच्या बायका अंगणातूनच त्याची उंची पाहून भात टाकायचो. टोप खाली म्हणजे काम जोरात, नवऱ्याला यायला उशीर.

एका हिवाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. टोप मात्र वरच राहिला. मालकाला कायमचं बंद करायचं असतं तर त्यानं गॅस सोडून दिला असता, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. शहरात, जरीपटक्यातल्या एका कापडदुकानात यजमानांना काम मिळत होतं. मी दोनदा विषय काढला.

"काहून जाऊ मी तिथं? टोप खाली बसला का वं?" ते म्हणाले.

भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि आमच्याकडे तेव्हा दोन्ही वेळ पिठलंच होतं.

उन्हाळ्यात हौद आटू लागला. पाणी उतरलं की टोपाखालून गॅस निसटतो, म्हणून यजमानांनी चौकीदाराची मनधरणी करून फाटक उघडून घेतलं. मग आम्ही बायका टँकरच्या पाण्यातली एकेक घागर त्या हौदात ओतू लागलो. घरोघर पोरांच्या आंघोळी बंद झाल्या. एरवी दुपारच्या उन्हानं टोप वीतभर चढायचा आणि पहाटे उतरायचा. त्या मे महिन्यात तो जागचा हलला नाही. आम्हाला वाटलं, आपल्या पाण्याचा गुण. ज्यांचा जन्म त्या टोपाशेजारी गेला, त्या यजमानांनाही तेच वाटलं.

जूनमध्ये मालकाचा मॅनेजर आला. यजमान धुतलेला शर्ट घालून गेले. गॅस जसाच्या तसा सांभाळलाय, उद्या म्हणाल तर उद्या काम सुरू होईल, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी टोपाच्या पाइपाची तोटी उघडून काचेची नळी उलटी धरली, बाजूला नेली आणि काडी ओढली. गॅस शुद्ध असेल तर नळीच्या तोंडाशी हलकं फुस्स होतं, हवा मिसळली असेल तर नळी भुंकते. आम्ही बायका घागरी घेऊन कान देऊन उभ्या होतो.

काडी निवांत जळत राहिली. त्यांनी पुन्हा नळी भरली, दुसरी काडी ओढली. ती बोटापर्यंत जळाली.

"गॅस तर कुलूप लागलं त्याच हप्त्यात सोडून दिला होता," मॅनेजर म्हणाला. "टोप गंजलेल्या रुळांत वरच अडकून राहिला, आत नुसती हवा आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

कोणी रडलं नाही. मलाही काही वाटलं नाही, अगदी काहीच नाही. भरलेली घागर कमरेवर तशीच घेऊन मी घरी आले आणि पोराला आंघोळीला बसवलं. यजमान ओट्यावर बसून पाहत होते.

त्यांनी विचारलं, "जरीपटक्याची ते जागा मोकळी असन का अजून?"

ती वैशाखातच भरली होती. मी पोराच्या डोक्यावर तांब्या ओतत राहिले.