एका बैलाला निर्गुडी

स्वतःच्या बाजूने लागलेल्या निकालावर माझ्या साडूंइतका संशय घेणारा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नसेल. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात केस पांढरे केले, पण काटेकोरपणात त्यांच्यापुढे मी अगदीच ढिला. एका औषध कंपनीत ते उंदरांच्या पंजांची सूज मोजत. निर्गुडीच्या पाल्याने सूज उतरते हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. साडूंना ते सिद्ध करायचं होतं. खिशात कायम टेप. निगडीला एका साखरपुड्यात व्याह्यांनी पाय मुरगळल्याचं सांगताच यांनी भर पंगतीत वाकून त्यांचा घोटा मोजला, मग दुसराही. "चांगला पाय मोजल्याशिवाय सुजलेल्याला अर्थ नाही," असं वर समजावलं. मुलीकडच्यांनी आपापले पाय आत ओढून घेतले.

उंदरांवर गुण दिसला. साहेब म्हणाले, मोठ्या जनावरावर दाखवा, तर पुढचं काम मंजूर, नाहीतर बंद. साडूंची उमेदीची वर्षं या पाल्यात गेली होती. चाकणजवळ त्यांनी एक बैलजोडी शोधली, दोघांचेही खांदे जुवाने सुजलेले. एकाला निर्गुडीचा गरम लेप, दुसऱ्याला नुसता गरम फडक्याचा शेक, असं बैलवाल्याच्या घरच्या मावशींना बजावलं. ठरल्या दिवशी मलाही साक्षीला नेलं. बघतो तर दोन्ही खांद्यांची सूज गेलेली. साडू पांढरे पडले.

"मावशी, या दुसऱ्याला काय लावलंत?"

"त्योच पाला. एकाला लावायचा अन् दुसऱ्यानं बघत बसायचं व्हय?"

"पण मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं. पर त्यो माझ्याकडं बघायचा, भाऊ. तुमी नव्हता हितं."

मी हळूच म्हटलं, "अहो, दोन्ही बरे झाले. तसं लिहून टाका."

"नुसत्या शेकाने किती उतरली असती, सांगा."

साहेबांनीही सुचवलं, दुसरा बैल वगळा. साडूंनी कळवलं की या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. काम बंद झालं. मेव्हणीने त्यांच्याशी काही दिवस अबोला धरला. त्यांच्या जागी मी असतो तर लिहून मोकळा झालो असतो, आणि मी काही खोटा माणूस नाही.

पुढे कांद्यासाठी आम्ही चाकणला जात असू. समोरून बैलगाडी आली की साडू बोलता बोलता थांबत आणि गाडी वळेपर्यंत बैलांच्या खांद्यांकडे बघत राहत. एकदा न राहवून मी विचारलं, "मनातून काय वाटतं हो तुम्हाला? निर्गुडीत गुण आहे ना?"

"वाटतं," ते म्हणाले. "फार वाटतं. म्हणून तर."