उत्तर फडातच द्यायचं

आबांना बघायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच सल्ला देतो. टीव्ही लावून देत जा, तेवढाच जीव रमेल. जसं काही जीव रमवायचा शोध टीव्हीबरोबरच लागला, आणि त्याआधीची माणसं संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायची! माझ्या वडिलांनी अख्ख्या पंचक्रोशीचा जीव स्वतःच्या तोंडानं रमवला आहे. आता त्याच तोंडातून शब्द फुटत नाही.

लकवा मारला तेव्हा ते वरकुट्याला, आमच्या गावी, वांग्याच्या रानात होते. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि आनंदाची बातमी दिल्यासारखे हसले. मी एकुलती एक मुलगी. आई मागेच गेली. मी त्यांना इंदापूरला माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. लोणी देवकरच्या कंपनीत मी पॅकिंगला जाते. कामावर असेपर्यंत शेजारीण बघते, नंतर मी.

आबा कलगीचे शाहीर. आता हे सांगावं लागतं. आमच्या भागात शेकडो वर्षं जत्रेला दोन शाहिरांचा सामना लागत आला. एक कलगीवाला, तो शक्तीला थोर म्हणणार. दुसरा तुरेवाला, त्याच्या लेखी शिव थोर. एकानं डफावर थाप मारून गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच तो फोडायचा. पडदा नाही, कर्णा नाही. कुणबी, सुतार, तांबोळी, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे दाटीवाटीनं बसायचे आणि शिव मोठा की शक्ती यावर भांडत घरी जायचे. आबांच्या पणज्यानंही हेच केलं. करमणूकच ती, पण तिला कडक नियम होता. सवाल फडात पडला तर उत्तरही फडातच द्यायचं, त्याच लोकांसमोर. नाही सुचलं तर सवाल पुढच्या जत्रेपर्यंत अंगावर राहणार. मधे उत्तर सापडलं तरी घरात, बांधावर, चहाच्या टपरीवर ते बोलायचं नाही.

आबांचा जन्माचा विरोधक म्हणजे निरवांगीचे चाचा. त्यांचं गाद्या भरून द्यायचं दुकान. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस तुऱ्याच्या बाजूनं उभा राहिला की शिवाची थोरवी अशी गायचा की देवळातले पुजारी माना डोलवायचे. वरकुट्याच्या शेवटच्या सामन्यात चाचांनी सवाल घातला : जग नव्हतं, नाव नव्हतं, तोंड नव्हतं, तवा शक्तीला पहिली हाक कुनी मारली?

आबा अडले. पुढच्या जत्रेला देतो म्हणाले. मग वर्षभर पाणी धरताना पुटपुटणं, जेवताना घास हातात धरून थांबणं. एक दिवस बांधावर बसल्या बसल्या एकटेच हसले आणि म्हणाले, "घावलं!" मी किती मागे लागले. "फडात आयक," एवढंच.

पुढच्या जत्रेला गावानं ऑर्केस्ट्रा आणला. त्याच्या पुढच्या जत्रेला डीजे. फड परत लागलाच नाही, आणि आबांनी नियम मोडला नाही. उत्तर आत राहिलं, आणि वरून लकव्यानं दार लावून घेतलं.

बारामतीला वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. भल्या आहेत. त्या चित्रांचे पुठ्ठे दाखवतात. "बाबा, हे काय आहे? गा... गाय." सृष्टी कुठून आली यावर भांडणारा माणूस गाईच्या चित्राकडे बघतो आणि त्याच्या तोंडातून नुसता "हं" येतो. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडते. मला उत्तरबित्तर काही नको होतं. त्यांनी मला एकदा, फक्त एकदा, "बाय" अशी हाक मारावी, यासाठी माझा जीव तुटत होता. कुणी काही सांगितलं की मी ते करत होते. जिभेला मध लावला, अंगारा लावला, ओरडून बघितलं.

शेवटी मला चाचा आठवले. वाटलं, आबा गाईच्या चित्राला बधणार नाहीत, पण चाचांचा सवाल ऐकून गप्प कसे बसतील? फोन केला. चाचा दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले. काखेत डफ होता.

"शाहीर, वळाखलं का?" आबांचे डोळे चमकले. किती दिवसांनी! चाचांनी हलकेच थाप मारली आणि गायले, म्हादेवाच्या जटेत कोन बसली?

गंगा. हे शेंबडं पोरही सांगेल. चाचांनी मायेनंच सोपं विचारलं होतं. आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि हळूहळू मान भिंतीकडे वळवली. डोळ्यातून पाणी गालावर आलं. उभ्या आयुष्यात विरोधकानं त्यांना सोपा सवाल घातला नव्हता. घातला, तो आज.

मी चाचांना बाहेर नेऊन वाट्टेल ते बोलले. म्हातारा माणूस, पण माझा तोल सुटला होता. ते ऐकून घेत उभे राहिले. "चुकलं माझं, लेकी. मला त्यांची दया आली. दया करायची न्हाय फडात."

आत येऊन त्यांनी ताठ बसून डफ धरला आणि तोच जुना सवाल पुन्हा घातला. पूर्ण ताकदीनं, आवाज फाटेपर्यंत. पहिली हाक कुनी मारली? आबांनी मान फिरवली. कपाळावरची शीर फुगली. डावी मूठ गादीवर आपटायला लागली. "ह... हं... हं..." मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. माझ्याही तोंडून नकळत "हं, हं" निघत होतं. चाचा डफ थांबवून पुढं वाकले होते. "हं..." आणि संपलं. धाप लागली, लाळ हनुवटीवर आली. मी पुसली.

चाचा दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी येत राहिले. दर वेळी तोच सवाल, दर वेळी तोच "हं". आवाज वाढत नव्हता, उलट बारीक होत चालला होता. बारामतीच्या बाईंनीही आता पुठ्ठे कमी केले होते.

गेल्या बाजाराला चाचांनी डफ वाजवलाच नाही. डोक्यावरचा फेटा उतरवून आबांच्या पायापाशी ठेवला. "शाहीर, मी हारलो. तुमच्यापाशी उत्तर हाय, मला ठाव हाय. माझ्यापाशी तर ते कवाच नव्हतं. मला वाटलं व्हतं, तुमच्याच तोंडून आयकीन."

आबांनी डाव्या पायानं फेटा लोटून दिला. तो खाली फरशीवर पडला. उत्तर न देता मिळालेली जीत त्यांना नको होती.

चाचांनी फेटा उचलला, झटकला, आणि दारात चपला घालताना मला म्हणाले, "त्यांनी घातलेल्या सवालांची उत्तरं आजून माझ्यापाशी पडून हायती, पोरी. आता इचारनारं कुनी न्हाय." ते गेले. पुढच्या बाजाराला येतील असं मला वाटत नाही.

मी आत जाऊन आबांच्या उशाशी बसले. म्हटलं, "आबा, तो सवाल राहू द्या. मला हाक मारा. कशीही मारा." ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ उघडले, जीभ हलली, थोडा आवाज निघाला. मग त्यांना कळलं असावं की जे येतंय ते "बाय" नाही, आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. चुकीचं उत्तर ते कधी देत नसत.

मला चुकीचंही चाललं असतं.